घरचा बर्गर – आणि त्यातला एक तुमचा!

रविवारची सकाळ. रात्री भिजत घातलेले हरभरे टपोरे फुगलेले आहेत. तुम्ही मोठ्या हौसेने विचारता, "आज छान उसळ करू का रे, खोबरं-बिबरं घालून?" आणि आतल्या खोलीतून उत्तर येते, "शी! उसळ? आई, आज बर्गर मागव ना!"

हा संवाद तुमच्या घरी कधी झाला नसेल, तर तुम्ही भाग्यवान! आमच्याकडे तो दर रविवारी ठरलेला. आधी मी रागवून पाहिले. मग "पहिली उसळ खा, मग बघू" अशी लाच देऊन पाहिली. धाकट्याने उसळीतला एकेक हरभरा ताटाच्या कडेला रांगेत लावून ठेवला आणि म्हणाला, "खाल्ली." आता काय बोलणार?

शेवटी एकदा मागवला बर्गर. हल्ली फोन केला की अर्ध्या तासात दारात हजर! मुलांनी खायच्या आधी मी आपली सवयीप्रमाणे वरचा पाव उचलून आत डोकावले. पाहते तर काय, आत बटाट्याची तळलेली टिक्की, एक कांद्याची चकती आणि भरपूर पांढरे सॉस. म्हणजे आपल्या बटाटेवड्याचाच चपटा, इंग्रजी बोलणारा भाऊ! आणि किंमत मात्र पाच वडापावांची.

त्या दिवशी मनाशी म्हटले, वाईट बर्गर नाही, वाईट आहे ते त्याच्या पोटात जे भरले आहे ते. ते बदलणे तर आपल्या हातात आहे ना?

पाव कसलाही असो, आत काय आहे?

'बर्गर' हा 'हॅम्बर्गर'चा छोटा अवतार आणि ते नाव आले जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून. मूळचा हा पदार्थ मांसाच्या खिम्याचा. शाकाहारी लोकांनी त्याला आपलेसे केले ते पुष्कळ नंतर. लंडनमध्ये १९८२ साली ग्रेगरी सॅम्स नावाच्या गृहस्थांनी 'व्हेजबर्गर' या नावाने एक कोरडे मिश्रण पाकिटातून विकायला आणले. घरी नेऊन कालवायचे आणि टिक्क्या भाजायच्या. परदेशी साखळीतली बर्गरची दुकाने आपल्याकडे दिल्ली-मुंबईत उघडली १९९६ साली, आणि हळूहळू शाकाहारी बर्गर म्हणजे बटाट्याची टिक्की असे समीकरणच होऊन बसले.

पण जरा विचार करा. मूळ बर्गरमध्ये जी टिक्की होती, ती प्रथिनांचा भाग होती, आणि पाव हा पिष्टाचा. आपण आतली प्रथिने काढली आणि तिथे बटाटा घातला. म्हणजे पिष्टात पिष्ट! शंभर ग्रॅम बटाट्यात जेमतेम दीड-दोन ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या हरभऱ्यात १९-२० ग्रॅम, मुगाच्या डाळीत २४ ग्रॅमच्या आसपास, शेंगदाण्यात २५ आणि सोयाबीनच्या वड्यांमध्ये तर ५० ग्रॅमच्या घरात.

बटाट्याशी माझे काही वैर नाही हं! उपासाला तोच तर आपला आधार. पण मुलांचे पोट भरले म्हणजे त्यांचे पोषण झाले, असे नव्हे.

आणि आपला हिशेब?

आता मुलांचे क्षणभर बाजूला ठेवा. तुम्ही स्वतः काल दिवसभरात काय खाल्लेत, आठवून बघा पाहू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे प्रमाण सांगितले, त्याप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना गरज आणखी वाढते.

एका पोळीत तीनेक ग्रॅम. वाटीभर आमटी दाट असेल तर पाच ग्रॅम. पण शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाटणीला आमटी कशी येते, हे मी तुम्हाला सांगायला हवे का? तळाशी राहिलेली, पाणी घालून वाढवलेली! दही मुलांना संपलेले असते, दूध सकाळच्या चहात गेलेले. चार पोळ्या, थोडा भात, आमटी आणि भाजी धरून हिशेब केला, तर गाडी तिशीच्या आसपास अडते. ४६ राहिले बाजूलाच. मग दुपारी चारला गळून गेल्यासारखे होते आणि आपण म्हणतो, "वय झालं आता." थकव्याची कारणे पुष्कळ असतात, आणि सारखाच होत असेल तर डॉक्टरांना दाखवावेच. पण ताटात काय कमी पडते आहे, तेही एकदा पाहायला नको का?

जोडी जमली पाहिजे

डाळी-कडधान्यांची प्रथिने एकटी थोडी अधुरी असतात, तशीच गव्हा-तांदळाचीही. ज्या घटकाची धान्यात उणीव, तो लायसिन नावाचा घटक कडधान्यात भरपूर. आणि कडधान्यात जो मेथिओनिन कमी, तो धान्यात आणि तिळात बरा. दोन्ही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही, दिवसभरात झाली तरी चालतात.

वरण-भात, पिठले-भाकरी, मिसळ-पाव, थालीपीठ ही सगळी नावे घेऊन बघा. आपल्या आज्यांनी लायसिन हा शब्द ऐकला नव्हता, पण जोड्या मात्र अचूक जुळवल्या होत्या. गव्हाचा पाव आणि आत हरभऱ्याची टिक्की हीसुद्धा त्यातलीच जोडी. उसळ-पोळीच, फक्त टोपी घालून आलेली!

माझी पहिली फजिती

इतके शहाणपण सुचल्यावर मी उत्साहाने कामाला लागले. हरभरे मऊ शिजवले, मिक्सरमधून गुळगुळीत वाटले, त्यात मसाला घातला, गोल थापून तव्यावर टाकले. उलटायला गेले, तर अर्धे उलथन्यावर आणि अर्धे तव्याला! दुसऱ्याचीही तीच गत. मुले दारात उभी राहून खुदखुदत होती. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, चिमूटभर तोंडात टाकून म्हणाल्या, "बर्गर नाही झाला, पण झुणका चांगला झालाय गं!" त्या दिवशी आम्ही झुणका-पावच खाल्ला.

तुमची अशी फजिती होऊ नये, म्हणून माझ्या तीन चुका आधीच सांगते.

पहिली चूक, पाणी. शिजलेले कडधान्य चाळणीत अर्धा तास निथळलेच पाहिजे. ओल्या मिश्रणाची टिक्की कधीच उभी राहत नाही. कांदाही कच्चा घालू नये, त्याला मीठ लागले की पाणी सुटते. आधी परतून कोरडा करावा.

दुसरी चूक, गुळगुळीत वाटण. दाणे भरडच राहिले पाहिजेत. पेस्ट झाली की टिक्की आतून चिकट आणि पिठूळ लागते.

तिसरी चूक, बांधणारे काही नव्हते. खिम्याची प्रथिने तव्यावर आपोआप आवळून येतात, शिजलेल्या हरभऱ्याचे तसे नसते. त्याला कोरडे पीठ लागते. ब्रेडचा चुरा, भिजवलेले पोहे, भाजलेले बेसन, काहीही चालते. पण सगळ्यांत छान काय, तर आपली थालीपीठाची भाजणी! खमंग, पाणी शोषून घेणारी, आणि डाळी असल्यामुळे प्रथिनांत भरच घालणारी.

हरभरा-सोया बर्गर

साहित्य (८ टिक्क्यांसाठी): कोरडे हरभरे, गावठी किंवा काबुली, १०० ग्रॅम (आमटीची पाऊण वाटी), सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम, थालीपीठाची भाजणी ४० ग्रॅम (चार मोठे चमचे), भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट ३० ग्रॅम, एक मध्यम कांदा बारीक चिरून, आले, लसूण व हिरवी मिरची यांचे वाटण दोन चमचे, मूठभर कोथिंबीर, हळद, तिखट, धने-जिरे पूड, हिंग, चिमूटभर ओवा, एक चमचा तीळ, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि तेल.

कृती: हरभरे आठ-दहा तास भिजवावेत. भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या देऊन वर दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावेत. दाणा बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे, पण त्याचा लगदा नको. चाळणीत निथळत ठेवावेत. खाली आलेले पाणी फेकू नका; त्याचे संध्याकाळी लसणाची फोडणी देऊन सार करावे.

वड्या मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात. मग दोन-तीनदा गार पाण्यातून काढून प्रत्येक वेळी घट्ट पिळाव्यात. हे पिळणे मनापासून करा! सोयाचा जो वास अनेकांना आवडत नाही, तो या पाण्याबरोबर बराचसा जातो.

हरभरे आणि वड्या मिक्सरला एक-दोनदाच फिरवून भरड कराव्यात. चमचाभर तेलात कांदा परतून कोरडा करावा, त्यातच वाटण आणि कोरडे मसाले परतावेत. सगळे एकत्र करून भाजणी, कूट, तीळ, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ घालून मळावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. तेवढ्यात भाजणी ओल शोषून घेते. तरीही हाताला चिकटत असेल तर आणखी चमचाभर भाजणी घालावी; फुटत असेल तर पाण्याचा हबका मारावा.

आठ सारखे गोळे करून बनाच्या आकाराच्या, अर्धा इंच जाडीच्या टिक्क्या थापाव्यात. कडा बोटाने दाबून घ्याव्यात, कारण फुटायला सुरुवात तिथूनच होते. ताटलीत लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाव्यात. ही पायरी गाळू नका. थंड टिक्की उलटताना मोडत नाही.

तव्यावर थोडे तेल सोडून मध्यम आचेवर एका बाजूने चार-पाच मिनिटे भाजावी. खालून खरपूस झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही! सुटी झाली की मगच उलटावी. उलथन्याने दाबू नये. तळायची गरजच नाही.

बन मधून कापून तव्यावर शेकावा. बन नसेल तर लादीपाव चालतो, अगदी दोन जाडसर फुलक्यांमध्येही छान लागते. वर टोमॅटो, काकडी आणि बारीक चिरलेला कोबी.

आता हिशेब पाहा. हरभऱ्याचे १९, वड्यांचे २५, कुटाचे ७ आणि भाजणीचे ५, असे मिळून ५६ ग्रॅम. आठ टिक्क्यांत वाटले की एकीला ७ ग्रॅम. बनाचे पाचेक आणि चक्क्याच्या चटणीचे एक धरले, तर एका बर्गरमध्ये सुमारे १३ ग्रॅम. तुमच्या दिवसाच्या गरजेतला पावहून अधिक वाटा झाला की नाही?

चक्क्याची चटणी

बाजारच्या पांढऱ्या सॉसमध्ये पुष्कळदा तेलच जास्त. त्याऐवजी दोन वाट्या दही फडक्यात तीन तास टांगून चक्का करा. त्यात पुदिना, कोथिंबीर, एक लसूण पाकळी, मीठ आणि चिमूटभर साखर घालून घुसळा. निथळलेले पाणी कणीक भिजवायला घ्या, पोळ्या मऊ होतात. मुलांना तिखट चालत असेल तर पावाच्या दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याची चटणी भुरभुरवा.

आणि लिंबाची फोड विसरू नका. कडधान्यातले लोह शरीरात नीट शोषले जायला लिंबातले क जीवनसत्त्व मदत करते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर ते शोषण कमी होते. म्हणून चहाला तासभर तरी थांबवा. कठीण आहे, मला ठाऊक आहे!

पोटाला हलका: मूग-पनीर बर्गर

घरात वडीलधारी मंडळी असतील, कुणाला हरभऱ्याने गॅस होत असेल, किंवा कांदा-लसूण चालत नसेल, तर हा प्रकार करावा.

मुगाची डाळ १२० ग्रॅम तीन तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटावी. त्यात १०० ग्रॅम पनीर कुस्करून, ४० ग्रॅम पोह्यांची मिक्सरवर केलेली पूड, तीळ, आले-मिरची, जिरे, हिंग, कोथिंबीर आणि मीठ घालावे. पंधरा मिनिटे ठेवून आठ टिक्क्या थापाव्यात. या जरा पातळ थापाव्यात आणि मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी सावकाश भाजाव्यात, कारण इथे डाळ कच्ची असते, ती आतपर्यंत शिजायला हवी. एका टिक्कीत साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पनीर घरी दूध फाडून केले तर आणखी स्वस्त पडते.

थोडी सावधगिरी

राजम्याचा बर्गरही सुरेख होतो, पण राजमा अर्धवट शिजलेला कधीही खाऊ नये. कच्च्या राजम्यात असे द्रव्य असते की त्याने उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवला की काळजी नाही. सोयाबीनचे दाणेही कच्चे वापरू नयेत. त्यातली काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात, ती उष्णतेने निकामी होतात. वड्या वापरल्या तर ही कटकट नाही. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाच्याच त्या बनतात. आणि सोयाबीन काही परदेशातून आणायला नको. मराठवाडा-विदर्भात त्याची शेतेच्या शेते आहेत, लातूरची बाजारपेठ तर त्यासाठी नावाजलेली!

थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयाचे पदार्थ तिच्या लगोलग खाऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. शेंगदाणा किंवा सोया बाधत असेल त्यांनी अर्थातच ते वगळावे. आणि ज्यांना कडधान्याची सवय नाही, त्यांनी एकदम दोन-दोन बर्गर हाणू नयेत!

बुधवारची सोय रविवारी

नोकरी करणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, "एवढा खटाटोप रोज कोण करणार?" रोज करूच नका. रविवारी दुप्पट मिश्रण करा. निम्म्या टिक्क्या न भाजता, मध्ये बटर पेपरचे तुकडे घालून, डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगल्या राहतात. बुधवारी उशिरा घरी आलात, की डब्यातून थेट तव्यावर. मंद आच, वर झाकण. साध्या फ्रीजमध्ये ठेवल्या तर मात्र दोन दिवसांत संपवा. शाळेच्या डब्यात टिक्की पोळीत गुंडाळून दिली तरी मुले आनंदाने खातात.

आठवी टिक्की

आता शेवटची गोष्ट सांगते आणि आवरते घेते.

झुणक्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी टिक्क्या जमल्या. अगदी दुकानातल्यासारख्या! पाच माणसे, आठ टिक्क्या. धाकट्याने दोन खाल्ल्या, थोरलीने दोन. ह्यांनी "बघू गं अजून एक" म्हणून दुसरी घेतली. सासूबाईंना एक वाढली. राहिली एकच. मी गरम गरम वाढत ओट्याशी उभी होते. धाकटा ताट पुढे करून म्हणाला, "आई, आहे का अजून?" आणि माझा हात आपोआप तव्याकडे गेला. बनाचा उरलेला तुकडा आणि लोणचे, मला काय, चालते!

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब. सगळ्यांच्या मोजल्यास, तुझी कुठाय?"

मी म्हटले, "अहो, राहू द्या. मला काही एवढी भूक नाही."

"हेच मी चाळीस वर्षं म्हणत आले," त्या म्हणाल्या. "आता गुडघे बोलतात. ती टिक्की घे आणि इथं आमच्यात बस."

मी बसले. धाकट्याने थोडा वेळ तोंड फुगवले, मग काकडी खाल्ली. आभाळ काही कोसळले नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम झाला आहे. टिक्क्या तव्यावर टाकल्या की पहिली भाजलेली टिक्की माझ्या ताटात जाते आणि तिच्यावर झाकण पडते. ती उरलेली नव्हे, वाटणीची. उसळ असो, वरण असो, नाहीतर दही, हाच कायदा.

मैत्रिणींनो, घरातल्या प्रत्येकाच्या तब्येतीचा हिशेब आपण बोटांवर ठेवतो. कुणाला काय सोसत नाही, कुणाला काय हवे, सगळे पाठ. त्या मोजणीत स्वतःचे बोट धरायला तेवढे विसरतो. येत्या शनिवारी रात्री हरभरे भिजत घालाल, तेव्हा मूठभर तुमच्या नावाचे जास्त घाला. आणि रविवारी ताटे मांडताना तुमचेही मांडा, सगळ्यांबरोबर, गरम असतानाच!